चित्र येतं, आवाज येत नाही

"चित्रां दिसतत मां? मगे अडलां खंय?"

धाकूआबांनी विचारलं आणि उदय मिरजकर तिसऱ्यांदा पहिल्यापासून सांगायला लागला.

"चित्र दिसतं, आबा. आवाज येत नाही."

"आवाज कोणी नेल्यान?"

"कॉम्प्युटरातल्या प्लेअरनं."

कुडाळच्या पलीकडच्या त्या वाडीत त्यांच्या घराण्याची चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक मांडायची आणि गोष्ट गाऊन सांगायची. चित्रं पोथीत, शब्द मात्र तोंडात. लिहून ठेवायची रीतच नाही. सात भावांची गोष्ट सांगणाऱ्या पोथीचे शब्द जाणणारे आता एकटे आबा उरले होते.

नऊ वर्षांपूर्वी उदय सांगलीहून आला. कॉलेजात कला शिकवणारा माणूस. शिष्य व्हायचंय म्हणाला. आबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लगेच उठून कॅमेऱ्याची तिवई उभी केली. अकरा दिवस, अठ्ठेचाळीस चित्रं. पुढे चर्चासत्रांत सुरुवातीचं मिनिटभर दाखवून छाती काढून सांगत फिरला, की ही पोथी मी वाचवली. टाळ्याही मिळाल्या.

आणि आज ओसरीवर असा बसला होता, घरातलं माणूस पोचवून आल्यासारखा.

"तुका बदलूक कोणी सांगल्यान?"

"कुणी नाही. तो आपणहून बदलतो. सकाळी कॉम्प्युटर उघडला तर नवाच प्लेअर. एक बटण जागेवर नाही."

"जुन्यात काय वायट होतां?"

"काही नाही."

"मगे?"

"नवा म्हणाला, या जातीचा आवाज मला चालत नाही, पैसे भरून प्रो घ्या. घेतला. त्यातही चालेना. म्हणाला, आवाजाचा पॅक वेगळा. तोही घेतला. मग म्हणाला, तुमच्या फायली जुन्या, आधी त्या आमच्या नव्या फॉरमॅटात आणा."

"हाडलंस?"

खरं दुखणं तिथं होतं. एका बटणानं सगळ्या फायली बदलून मिळणार होत्या. 'मूळ फायली काढून टाकू का, जागा वाचेल,' असं प्लेअरनं मोठ्या अदबीनं विचारलंही होतं. उदयनं हो म्हटलं. दुसरी प्रत नव्हती. लागेल असं वाटलंच नव्हतं, कारण नऊ वर्षांत त्या फायली त्यानं पुऱ्या अशा एकदाही ऐकल्या नव्हत्या.

नव्या फायलींत चित्र स्वच्छ आलं. कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आलं. आणि जो आवाज चालत नव्हता तो प्लेअरनं सरळ वगळून टाकला. तेलही गेलं, तूपही गेलं. उदयनं कंपनीला बारा पत्रं लिहिली. बाराही पत्रांना एकच उत्तर, कृपया अपग्रेड करा. दोन जाणकारांनी डिस्क उघडून पाहिली आणि मान हलवली.

"आणल्या, आबा. मूळच्या पुसल्या गेल्या. आवाज आता कुठंच नाही."

अंगणात सुपारी वाळत घातली होती. एक कोंबडी तिच्यात शिरली, तरी आबांनी तिला हाकललं नाही.

"आता पुन्हा एकदा," उदय म्हणाला. "दोन कॅमेरे आणलेत. आवाजाला वेगळं मशीन आणलंय. तीन प्रती ठेवीन. तुम्ही फक्त सांगा."

"तू सांग."

"मी?"

"हयसरच बसलेलंस मां. अकरा दीस. ऐकलंस तां सांग."

उदयनं डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी बॅटरी संपली होती, ते आठवलं. पाचव्या दिवशी उन्हाची तिरीप चित्रावर पडायला लागली म्हणून दारात गोणपाट लावलं होतं. आवाज मोजणारी हिरवी पट्टी मध्येच लाल व्हायची आणि तो बटण फिरवून तिला खाली आणायचा. पट्टी लख्ख आठवत होती. ती ज्या आवाजानं हलत होती, तो आवाज काय म्हणत होता, ते…

"मी मशीन सांभाळत होतो, आबा."

आबांनी मान डोलावली. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं उदयला.

मग आबा उठले. फडक्यात बांधलेली पोथी घेऊन आले. उदयच्या जिवात जीव आला, त्यानं घाईघाईनं दोन्ही कॅमेरे सुरू केले. आबांनी पहिलं चित्र फळीला टेकवलं, मांडीवर वीणा घेतली, तार छेडली.

"आयका हो… नगरात एक राजा. राजाक सात झील नि आठवां चेडू…"

तार वाजत राहिली.

मग तीही थांबली.

आबांनी दुसरं चित्र मांडलं. सात घोडे, सात भाऊ. शब्द नाही. तिसरं मांडलं. चौथ्या चित्रात बहीण नदीकाठी उभी, एक हात वर, तोंड उघडं. भावांना ती काहीतरी जिवाच्या आकांतानं सांगत होती.

"आबा, ती काय म्हणते?"

आबांचे ओठ हलले…

त्यांनी पाचवं चित्र मांडलं.

उदयला वाटलं, म्हातारा आपल्याला शिक्षा करतोय. करू दे, आपण त्याच लायकीचे. असं मनाशी म्हणत तो दहाव्या चित्रापर्यंत गप्प राहिला. विसाव्याला त्यानं हात जोडले.

"चुकलो, आबा. हवं तर पायताण घ्या हातात. पण शब्द सांगा."

आबा चित्रं मांडत गेले. एक काढायचं, दुसरं टेकवायचं. कॅमेऱ्यांत सगळं नीट उतरत होतं. आवाजाचं मशीनही चालू होतं, त्यात कोंबडीचा आवाज तेवढा जात होता.

अठ्ठेचाळिसावं चित्र मांडून झालं. तेव्हा कुठं उदयनं कॅमेऱ्यावरून नजर काढून आबांच्या तोंडाकडे पाहिलं. भर जत्रेत पोराचा हात सुटलेल्या माणसासारखे ते इकडे तिकडे बघत होते.

आणि उदयला आपलंच बोलणं आठवलं. नऊ वर्षांपूर्वी आबा रोज सकाळी चहाच्या आधी एक चित्र मांडायचे आणि त्याची गोष्ट स्वतःशीच म्हणायचे. आज एक, उद्या पुढचं, अशी अख्खी पोथी त्यांनी जन्मभर ताजी ठेवली होती. बाराव्या दिवशी निघताना उदयनं त्यांना ऐटीत सांगितलं होतं, की आबा, आता हे रोजचे कष्ट पुरेत. आता तुम्ही विसरलात तरी चालेल.

त्याला मोठ्यानं रडायचं होतं, पण धीर झाला नाही.

"आबा… सकाळचं म्हणणं… सोडलंत तुम्ही?"

आबांनी वीणा मांडीवरून उतरवली.

"गोष्ट तुका दिली मां," ते म्हणाले. "मगे ती माज्याकडे खंय रवतली?"