वर्षभराचा आवळा

रणधवल राजाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि धिंड निघणार होती बिचाऱ्या राघू माळ्याची!

त्याचं असं झालं. राजवैद्य म्हणाले होते, "महाराज, मोठ्या माणसाला एक आवळा पुरे. पण रोज हवा."

"रोज? मी काय शेळी आहे रोज चघळत बसायला?" राजा तडकला. राघूकडून टोपलीभर आवळे मागवून त्याने एका बैठकीत फस्त केले आणि 'झालं वर्षाचं काम!' म्हणून ढेकर दिला. मग काय विचारता! राजेसाहेब दिवसभर तांब्या घेऊन पळत होते. काही महिने गेले आणि हिरड्या पुन्हा वाहू लागल्या.

"आवळेच खोटे!" राजा गरजला. "राघ्या, एकदा खाल्ला की वर्षभर पुरेल असा आवळा उद्या सकाळी आण. नाहीतर गाढवावर बसवतो!" राजवैद्यांनी मान डोलावली. दरबारात टिकायला तेवढी एक विद्या पुरते.

राघू रडत घरी आला. त्याची लेक येसू म्हणाली, "बाबा, रडू नका. मी बघते राजाकडे."

ती तडक दरबारात गेली आणि मुजरे करू लागली. एक झाला, दुसरा झाला, ही बया थांबेचना! संध्याकाळपर्यंत ती वाकतच होती. राजा मिशांवर ताव देत म्हणाला, "वा! पोर किती गुणाची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू आली ती एका हातात आवळा, दुसरा हात कमरेवर, ताठ!

"ए पोरी! मुजरा कुठाय?"

"काल केला ना, वर्षभराचा! रोज रोज कोण वाकणार?"

"कालचा मुजरा काल संपला! राजाला मान रोजच्या रोज लागतो!"

"अगं बाई! एवढ्या मोठ्या राजाला कालचे ढीगभर मुजरे आज पुरत नाहीत, आणि एवढ्याशा आवळ्याने वर्षभर पुरायचं?"

राजवैद्यांनी सवयीने मान डोलावली, आणि मग घाबरून तिथेच थांबवली! ते पाहून राजा लाल लाल दात दाखवत खदाखदा हसला.

"आण तो आवळा इकडे!" त्याने चावा घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, पण गिळला. "राघूला सोडलं! आणि पोरी, तुझा बाप राबतो ती आमची आवळ्याची बाग तुला बक्षीस. पण आता आम्हीही शहाणे झालो हं! रोज एकच झाड देणार!"

"छे छे महाराज! पोटात साठत नाही ते रोज घ्यावं. बाग साठते, ती आजच द्या!"

राजाला हसता हसता ठसका लागला, आणि बाग दुपारच्या आत येसूची झाली.