चौथा खांदा

केरबाचा थोरला भाऊ तापानं गेला. लागण होईल या भीतीनं गावानं दारं लावून घेतली. परगावचे दोन मामा आणि केरबा असे तीनच खांदेकरी जमले, म्हणून चौथा खांदा वहिनीनं दिला.

तेरावा उरकताच आबासाहेब इनामदारांनी चावडीवर निवाडा सुनावला. "बाईमाणसानं तिरडी उचलली! अख्खं गाव हादरवलं तिनं. उद्याच्या उद्या तिनं गाव सोडावं."

केरबाची मूठ वळली. पण मारामारी केली तर वहिनीचं घर जाणारच, हे ओळखून त्यानं ती सैल सोडली.

"आबासाहेब, मी दुसरी नापास. हादरवणं म्हंजे नेमकं काय वो?"

आबासाहेब खुशीत आले. "अरे अडाण्या, घडू नये ते लोकांच्या डोळ्यांदेखत करायचं आणि बघणाऱ्याचं मन मुळापासून हलवायचं, याला म्हणतात हादरवणं."

"म्हंजे बघितल्याबिगर कुणी हादरत न्हाई?"

"नाहीच! मी स्वतः माडीवरून बघितलं. शेवटपर्यंत नजर हटवली नाही."

"मग ऐका. समोर तिरडी दिसली की वैऱ्यानंबी खांदा द्यावा, ही आपल्या गावची रीत. ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी उभं ऱ्हावं. वहिनी एकेकाच्या पाया पडंल आन् गाव सोडंल."

चावडीवरचं एकही माणूस उठेना.

"तुमच्या माडीखाली आम्ही विसाव्याला थांबलो हुतो, आबासाहेब," केरबा म्हणाला. "तवा तरी खाली यायचं. वहिनीनं तुमची जागा लगेच सोडली असती."

आबासाहेबांनी उपरणं सारखं केलं आणि खाली बघत पुटपुटले, "बाईनं गाव सोडू नये. आपल्या घरी राहावं."