अनसूबाईचा आवाज

एकदा काय झालं, एका राज्यात अनसूबाई नावाची मास्तरीण होती. तिचा आवाज मोठा अद्भुत, बरं का. तिनं पाढा शिकवला की त्या आवाजातली एक चिमूट पोराच्या गळ्यात जाऊन बसायची. मग दिवेलागणीला पोरं परवचा म्हणायची, बाईच्या पाया पडायची, की ती चिमूट परत बाईच्या गळ्यात. दिलेलं परत यायचं, म्हणून रोज नवं द्यायला पुरायचं. फक्त ठकी नावाची पोर 'बे त्रिक सहा'पाशी अडायची. तिच्याकडली चिमूट काही परत येईना. "येईल गं," बाई म्हणायची, "घाई कुणाला आहे?"

घाई होती राजाला. तो म्हणाला, "ही बाई पोरांत बसून नुसती बडबडते, जरा आमच्या कामी येऊ दे." मग त्यानं तिला गावोगाव दवंडी द्यायला धाडलं. ती परत येऊन शाळेची कडी काढते न काढते तोच दुसरा हुकूम. हत्तीला झोप येत नाही, त्याला अंगाई म्हण. मग तिसरा. जोंधळ्यावरची पाखरं हाक. आता तुम्हीच सांगा, दवंडी ऐकणारे कधी परवचा म्हणतात का? हत्ती पाया पडतो का? आणि पाखरं तर उडूनच गेली. आवाज गेला तो गेलाच.

अनसूबाई शाळेत परतली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. राजा चपापला. त्यानं पालखी धाडली, शालजोडी धाडली. बाईनं शालजोडी घडी करून कोनाड्यात ठेवली. शालीनं का कुठं आवाज येतो? फार वाईट वाटतं बाळांनो, हे सांगताना.

मग तिनं ठकीला जवळ घेतलं. तिच्या ओंजळीत चिंचोके टाकले. दोन, मग दोन, मग दोन. आणि आणखी दोन. ठकी बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "बे चोक आठ." आवाज हुबेहूब अनसूबाईचा. तेवढी एकच चिमूट जगात उरली होती.

ठकी पाया पडायला वाकली. पण बाईनं तिचे खांदे धरले, पाया पडूच दिलं नाही. तिला उचलून आपल्या जागेवर बसवलं, आणि स्वतः पोरांत जाऊन मांडी घालून बसली. डोळे भरून आले होते तिचे.

राजानं पुन्हा कुठल्या मास्तरणीला शाळेतून उठवलं नाही. ठकी शिकवत राहिली, पोरं शिकत राहिली, सगळी सुखात नांदली. अनसूबाई मात्र पुन्हा कधी बोलली नाही. मिटा आता डोळे. आणि 'बे एके बे' मनातल्या मनात म्हणा, बरं का. तिला ऐकू जाईल.