मान न टाकणारी मोरपंखी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक आजी राहायच्या. घरात दोन सुना आणि दारात दोन झाडं, एक मोगरा आणि एक मोरपंखी. मोरपंखी आजोबांनी लावलेली. आजोबा गेल्यापासून आजी रोज सकाळी तिच्यावरून हात फिरवायच्या आणि मगच चहा घ्यायच्या.

मोगरा भारी नाटकी! ऊन जरा चढलं की मान टाकायचा. "आलं गं बाई लेकरू मेटाकुटीला," म्हणत आजी कळशी घेऊन धावायच्या. मोरपंखी मात्र बारा महिने हिरवीगार. "हिला नाही लागत काही. शहाणी आहे माझी!" आजी कौतुकाने म्हणायच्या.

सुनांचंही तसंच. धाकटीने डोकं धरलं की आजी लगेच काढा उकळायच्या. थोरलीला विचारलं तर ती हसायची, "मला काय धाड भरलीय?" हळूहळू तिला विचारणंच थांबलं.

त्या उन्हाळ्यात विहीर खोल गेली. शेंदलेलं पाणी मोगऱ्यालाच पुरेना.

गावातल्या मुली मोरपंखीचं पान पुस्तकात ठेवायच्या. त्याने विद्या येते म्हणे. एक दिवस त्यातली एक फुरंगटून आली. "आजी, तुमच्या पानाचा पुस्तकात भुगा झाला. आता परीक्षेत मी काय लिहू?"

आजींनी हसत हसत फांद्या बाजूला सारल्या आणि त्यांचं हसूच मावळलं. वरवर हिरवं दिसणारं झाड आतून कडकडीत वाळलं होतं. बुंध्याशी माती दगड झाली होती. आजी मटकन खाली बसल्या. "अगं, एकदा तरी मान टाकायचीस गं!"

त्यांचा आवाज ऐकून थोरली पाण्याची कळशी घेऊन धावत आली. कळशी घेताना आजींचा हात तिच्या हाताला लागला. ती तापाने फणफणली होती.

"कधीपासून गं?"

"आहे थोडा. तुम्हाला कशाला त्रास?"

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी थोरलीला आत नेऊन निजवलं, काढा पाजला आणि धाकटीला चुलीकडे पिटाळलं. मग मोरपंखीला आळं केलं, पालापाचोळा पसरला आणि पाणी सावकाश मुरू दिलं.

थोरली बरी झाली. मोरपंखीची एक बाजू मात्र गेली ती गेलीच. तिच्या वाळल्या लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही. दुसरी बाजू पावसाळ्यात तरारली.

आजी अजूनही रोज सकाळी मोरपंखीवरून हात फिरवतात. पण आता बुंध्याची मातीही चाचपतात आणि मग थोरलीला हाक मारतात.

"मला काय धाड भरलीय?" ती हसते.

"ते मी बघते. तू आधी इथे बस," आजी म्हणतात आणि तिच्या कपाळाला हात लावतात.

तात्पर्य: जो कधीच काही मागत नाही, त्याची विचारपूस आधी करावी.