बाराबारी बंदुकीपुढे कोण चालणार?

सोमवार, सकाळचे नऊ. धारेगड संस्थानातला आंबेवडगावचा आठवडी बाजार. एका माणसाने बाराबारी बंदुकीचा चाप बारा वेळा ओढला. मध्ये एकदाही त्याला दारू ठासावी लागली नाही. सात माणसे जागेवर गेली, चार जखमी झाली, बारावी गोळी गुळाच्या ढेपेत शिरली.

पुढे दीड महिना दरबार नुसता बोलत होता. महाराजांच्या पहिल्या हुकुमाने काळ्या दस्त्याच्या बंदुकांवर बंदी आली. आठवड्यात बंदुकांचा कारखानदार दुलबाजी याने सगळे दस्ते हिरवे रंगवले. दुसऱ्या हुकुमाने पट्ट्याची कडी असलेल्या बंदुका बंद झाल्या. दुलबाजीने कड्या कापल्या आणि पुडीत बांधून गिऱ्हाइकाला भेट दिल्या! तिसऱ्या हुकुमाने 'बाराबारी' हे नावच बंद झाले. दुलबाजीने पाटी बदलली : 'शिकारमित्र'. मग 'बंदूक म्हणजे काय' हे ठरवायला पंडितांची समिती बसली. ती काही उठेना.

शेवटी सरदार हैबतराव दुलबाजीला घेऊन पुढे आले. कारखान्यात त्यांची निम्मी भागीदारी होती.

"महाराज, हे शिकारीचं हत्यार आहे. शुक्रवारी शिकारीत वापरून दाखवतो. मग ही कटकट कायमची मिटवा."

महाराजांनी मान डोलावली. शिकारीआधी हाकाऱ्यांच्या नाईकाने महाराजांसमोर विडा उचलायचा, ही तिथली रीत. मग त्याची माणसे डबे बडवत, आरोळ्या ठोकत रानातून चालत आणि जनावराला मचाणावरच्या बंदुकीकडे रेटत. नाईक सटवा त्या सोमवारी बाजारात मांडीत गोळी लागल्यापासून अंथरुणाला खिळला होता. म्हणून त्याची मुलगी गोजरा आली. तबकातल्या विड्याला तिने हात लावला नाही.

"उचल की!" हैबतराव खेकसले.

"चाळीस माणसं माझ्यासंगं बंदुकीसमोर चालणार, सरदार. आधी बोलणार, मग उचलणार."

"बोल," महाराज म्हणाले.

"ही बंदूक शिकारीची नाही, सरकार. बंद करा."

"अगं पोरी," हैबतराव हसले, "दोष हाताचा असतो, हत्याराचा नव्हे!"

"मग सरहद्दीवर फौज मोकळ्या हातांनी धाडा की! दारूगोळा तरी वाचेल."

दरबारात कोणीतरी खोकल्याआड हसले. महाराज मात्र उसळले.

"पुरे! माझे तीन हुकूम या रंगाऱ्यानं गुंडाळून ठेवले. आता तूच सांग या बंदुकीची ओळख! रंग, कडी, नाव बदलून दुलबाजीला सुटता येऊ नये, आणि ठासणीची साधी बंदूक तिच्यात सापडू नये. दुपारची तोफ होईपर्यंत वेळ आहे. नाही जमलं, तर बंदीची गोष्ट संपली. शुक्रवारी सगळ्यांच्या पुढं तू चालायचंस, याच बंदुकांसमोर!"

पंडितांना इतक्या दिवसांत न जमलेले काम पोरीला तासाभरात! पंडित खूश झाले.

"तोफेची वाट कशाला?" गोजरा म्हणाली. "सरदारांनाच विचारते. सरदार, शुक्रवारी माझ्या जागी तुम्ही चाला. मचाणावर दुलबाजीशेठ बसतील, हीच बंदूक घेऊन."

"मी? हाकाऱ्यांत?"

"शिकारीचंच हत्यार ना?"

"अगं, याला नेम कुठं येतो! दिसेल तिथं झाडत सुटेल!"

"बारा गोळ्या आहेत. एखादी जनावरालाही लागेल."

"महाराज, ही कारटी—"

"बरं, सरदार नकोत. शेठ, तुम्ही चाला. सरदार मचाणावर."

दुलबाजीला एकाएकी गुडघेदुखी आठवली.

महाराज पुढे वाकले. "काय हैबतराव, भ्यालात की काय?"

हैबतरावांच्या मिशा थरथरल्या. "हैबतराव भितो? ठासणीची बंदूक द्या या दुलबाजीच्या हातात, आत्ता चालतो! एक बार चुकवला की झालं! तो नळीत दारू भरणार, गोळी ठासणार, नेम धरणार, तोवर मी ओढ्यापलीकडं! पण या बाराबारीपुढं माणसाला उठायलासुद्धा सवड—"

ते थांबले. पण उशीर झाला होता.

"मिळाली ओळख, सरकार!" गोजरा म्हणाली. "सरदारांच्याच तोंडून मिळाली. एका बारानंतर समोरच्याला पळायला सवड देते, ती शिकारीची. सवड देत नाही, ती बंद. आता दस्ता जांभळा करा, घुंगरं बांधा, नाहीतर देवाचं नाव ठेवा!"

महाराज हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी आणावे लागले. "हैबतराव," ते डोळे पुसत म्हणाले, "पंडितांना घरी पाठवा! व्याख्या तुम्हीच केलीत!"

बंदी जाहीर झाली. गोजराच्या हातात महाराजांनी आपले सोन्याचे कडे घातले आणि तिच्या गावाची हाकारे पुरवण्याची वेठबिगारी पिढ्यान्पिढ्या माफ केली. तबकातला विडा महाराजांनी स्वतःच खाल्ला.

संध्याकाळी दवंडी पिटली : बाराबारी बंदुका पंधरा दिवसांत सरकारी शस्त्रागारात जमा करा. दुलबाजीच्या कारखान्यातून दोनशे सहा बंदुका बाहेर गेल्या होत्या. जमा झाल्या एकशे एकोणनव्वद. उरलेल्या सतरा कोणाच्या घरात आहेत, हे दरबारात अजून कोणी सांगितलेले नाही.