आधी मोठ्यांनी चाखायचं

अंगणवाडीच्या अंगणात मुंग्या झाल्या, तेव्हा सभापती आबासाहेब फवारणीचा पंप आणि फोटोग्राफर घेऊन आले. सेविका कुमुदताई पंपासमोर उभ्या राहिल्या.

"मुलं घरी गेल्यावर फवारा. मातीत खेळलेले हात ती तोंडात घालतात."

"अहो बाई, औषध अगदी निर्धोक आहे! मुलांशिवाय फोटो कसला?"

कुमुदताईंनी अंगणात पाट मांडला आणि खिचडीची ताटली ठेवली.

"मग बसा आबासाहेब. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चाखायचं, हा इथला रोजचा नियम. तुमच्याभोवती फवारू, तुम्ही जेवा, मग मुलांना बसवते."

आबासाहेबांना एकाएकी तालुक्याची बैठक आठवली. पंपही सोबत गेला.

मुलं गेल्यावर ताईंनी सांडलेली शितं झाडली आणि वारुळात उकळतं पाणी ओतलं. मुंग्या जायला दोन दिवस लागले. सभापतींना दोन मिनिटंही लागली नव्हती.