सवतीचं हूं

फार पूर्वी, कृतयुगात, डोंगरांना बायका असायच्या तेव्हाची ही गोष्ट. उत्तरेला श्वेतशृंग नावाचा गिरिराज होता. त्याची बायको तुहिना, म्हणजे पहिल्या थंडीचं जुनं बर्फ. अंगानं घट्ट, स्वभावानं त्याहून घट्ट. तिच्या पाठीवरून मोठेमोठे ऋषी निर्धास्त खिंड ओलांडायचे. तोच तिचा मान.

पौषात गिरिराजानं दुसरी आणली. प्रालेया, ताजं बर्फ. पिंजलेल्या कापसासारखी भुरभुरीत, गोरीपान. देव विमानं थांबवून बघायला लागले.

"अहाहा, काय ही कांती!" वायुदेव म्हणाला.

"हूं," तुहिना म्हणाली.

"हिचं पाऊलसुद्धा वाजत नाही हो!" गिरिराज लाजत म्हणाला.

"हूं!"

बरं, पोरगी गुणाची. "ताई, ताई" करत मागंमागं. शिव्या द्यायलासुद्धा जागा ठेवली नाही मेलीनं! तुहिनेचा आणखीच जळफळाट.

मग तिनं एक खोडी काढली. आठ दिवस आभाळ मोकळं होतं, कडाका पडला होता. तिनं अंगावरचं दव गोठवलं, त्याचा जाड्या रव्यासारखा कोरडा दाणा केला आणि पाठीवर पसरून ठेवला. सवत घसरेल, चार देवांत आपटेल, हसं होईल. एवढंच मनात होतं.

प्रालेया आली. "ताई, तुमच्या पाठीवर टेकू का जरा?"

तुहिनेनं हूं की चूं केलं नाही.

बिचारी टेकली. चार दिवस काहीच झालं नाही. तुहिनाही विसरली. पाचव्या दिवशी हैमायन मुनी शिष्यांना घेऊन त्या नेहमीच्या वाटेनं निघाले. पाऊल पडलं मात्र, खालचा रवा सरकला, प्रालेया "ताई!" म्हणून किंचाळली, आणि अख्खा उतारच निघाला! देवदार काडीसारखे मोडले. सात शिष्य गेले. प्रालेयेचा दरीत चुरा झाला.

मुनी गळ्यापर्यंत गाडलेले. दाढीतलं बर्फ न झाडताच गरजले, "तुहिने! खाली काय पेरलंय हे तुला ठाऊक होतं. बोलली का नाहीस?"

"महाराज, मी काही केलं नाही. मी तर हूं की चूं..."

"तेच म्हणतो मी! सवतीचं कौतुक झालं की दिवसभर हूं, आणि जिथं एका हूंनं आठ जीव वाचले असते तिथं मुकी? घे शाप! दर हिवाळ्यात ती तुझ्या उरावर येऊन नांदेल. तू धरायला जाशील, पण ती तुझ्या हाती ठरणार नाही. आणि वर पाऊल पडलं की तुझ्या पोटातलं हूं आपोआप बाहेर येईल. गिळायचं म्हटलंस तरी गिळता येणार नाही!"

तुहिनेला रडू फुटलं. "उःशाप तरी द्या, महाराज."

"तोच उःशाप. ऐकेल तो वाचेल. दर जीवामागं तुझं पाप तीळभर उतरेल."

तेव्हापासून हिमालयात ताज्या बर्फावर पाय ठेवला आणि खालून खोल "हूं" आलं, की जाणती माणसं आल्या पावली मागं फिरतात. न फिरणारे चैत्रात सापडतात, बर्फ वितळल्यावर.

आता तुहिनेचा स्वभाव काही गेलेला नाही. वरच्या बर्फाला कुणी "काय सुंदर!" म्हटलं तरी ती हूं करतेच. तेव्हा हे हूं जळण्याचं की जपण्याचं, असं तिथं विचारत बसू नये. पाय मागं घ्यावा.